टायरची झीज आणि रस्त्यावरील सुरक्षितता
नाशिक जिल्ह्याच्या रस्त्यांवरून काही विचार

नाशिक जिल्हा हा महाराष्ट्रातील दळणवळणाचा एक प्रमुख दुवा आहे. मुंबई-आग्रा महामार्ग कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीमार्गे या जिल्ह्यात प्रवेश करतो. नाशिक-पुणे महामार्ग सिन्नरवरून दक्षिणेस जातो. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्गही सिन्नर व इगतपुरी तालुक्यांतून गेला आहे. या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस उपलब्ध झाला. लासलगावचा कांदा, निफाड-दिंडोरीची द्राक्षे, पिंपळगाव बसवंतचे टोमॅटो, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील माल आणि त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगगड व शिर्डी येथे जाणारे भाविक या सर्वांचा भार अखेर रबराच्या चाकांवरच असतो.

रस्ता सुधारला, वाहने वेगवान झाली. परंतु रस्ता आणि वाहन यांना जोडणारी एकमेव वस्तू जो टायर, त्याच्याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. इंजिनात बिघाड झाला तर वाहन थांबते व मालकास खर्च करणे भाग पडते. टायर झिजला तरी वाहन चालतच राहते. त्यामुळे ‘अजून दोन-तीन महिने निघतील’ असा हिशेब केला जातो. हा हिशेब कोठे चुकतो, हे समजून घेण्यासाठी टायरचे कार्य प्रथम पाहिले पाहिजे.

पोस्टकार्डाएवढा आधार

सुमारे १,२०० किलोग्रॅम वजनाच्या मोटारीच्या प्रत्येक चाकावर साधारणपणे ३०० किलोग्रॅम भार येतो. टायरमध्ये ३२ पौंड हवा असेल तर तो दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलोग्रॅम इतका होतो. यावरून प्रत्येक चाकाचा सुमारे १३० चौरस सेंटिमीटर भागच जमिनीला टेकलेला असतो, असे दिसून येते. म्हणजे टपाल खात्याच्या एका पोस्टकार्डाएवढी जागा! वेग घेणे, वळणे आणि थांबणे या तिन्ही क्रिया अशा चार पोस्टकार्डांएवढ्या जागेवर अवलंबून असतात. चालकाने कितीही जोराने ब्रेक दाबला तरी ब्रेक केवळ चाक थांबवितो. वाहन थांबते ते टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाने.

टायरवर ज्या खाचा असतात, त्या शोभेसाठी नसतात. रस्त्यावर साचलेले पाणी बाजूला सारून रबराचा आणि रस्त्याचा संबंध टिकविणे हे त्यांचे मुख्य काम होय. मोटारीच्या नव्या टायरवर या खाचांची खोली सात ते आठ मिलिमीटर असते. मालमोटारीच्या टायरवर ती याहून बरीच अधिक असते. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी असेल आणि वाहन ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर १८ सेंटिमीटर रुंदीच्या एका टायरला दर सेकंदास सुमारे १२ लिटर पाणी, म्हणजे जवळजवळ एक बादली पाणी, बाजूला सारावे लागते. खाचा भरून गेल्या किंवा नाहीशा झाल्या, तर या पाण्याला वाट उरत नाही.

शर्यतीच्या टायरचा दाखला

येथे एक शंका नेहमी उपस्थित केली जाते. मोटारींच्या शर्यतीत तर पूर्णतः गुळगुळीत टायर वापरतात. मग रस्त्यावरील वाहनाचा टायर गुळगुळीत झाला तर काय बिघडले? चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टाई किंवा कोईमतूरचा कारी येथील धावपट्टीवर आपली नेहमीची मोटार घेऊन सरावासाठी जाणाऱ्या हौशी चालकांमध्येही झिजलेला टायर कोरड्या धावपट्टीवर चांगली पकड देतो, असा समज आढळतो.

या समजात सत्याचा अंश आहे, पण तो अंशच आहे. नक्षी कमी झाली की रबराचे उंच ठोकळे वळणावर कमी डुलतात व जमिनीला टेकणारे रबरही काहीसे वाढते. त्यामुळे कोरड्या, स्वच्छ पृष्ठभागावर पकड काही काळ चांगली वाटते. मात्र शर्यतीचा गुळगुळीत टायर मुळातच तसा घडविलेला असतो. त्याचे रबर मऊ व चिकट असते, ते विशिष्ट तापमानालाच नीट काम करते आणि थोड्याच अंतरानंतर तो टायर बदलला जातो. पावसाचे थेंब पडू लागताच शर्यतीतील मोटारी थांबून खोल खाचांचे टायर बसवून घेतात. फॉर्म्युला वन शर्यतीसाठी मुसळधार पावसात वापरावयाचा टायर ताशी ३०० किलोमीटर वेगाने दर सेकंदास ८५ लिटरपर्यंत पाणी बाहेर फेकू शकतो, असे तो बनविणाऱ्या पिरेली कंपनीचे म्हणणे आहे. गुळगुळीत टायरची मर्यादा शर्यतीचे लोक सर्वांत अधिक जाणतात, हाच याचा अर्थ.

याउलट रस्त्यावर झिजून गुळगुळीत झालेल्या टायरचे रबर उन्हाने व वयाने कडक झालेले असते. त्याच्या आतील धाग्यांवर व तारांवर रबराचा पातळ थरच उरलेला असतो. खडे, खिळे आणि खड्डे यांचा आघात त्या थरावर सरळ बसतो. धावपट्टीवर वाहन घसरले तर मोकळी जागा, संरक्षक कठडे व मदतपथक सज्ज असते. कसाऱ्याच्या घाटात एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असते.

पाण्यावर तरंगणारे वाहन

टायरखालचे पाणी वेळेत बाहेर पडले नाही तर चाकापुढे पाण्याची पाचर तयार होते व ती चाकाला रस्त्यावरून उचलते. अशा क्षणी सुकाणू हलके पडते, ब्रेक निरुपयोगी ठरतो आणि वाहन गतीच्या दिशेने सरकत जाते. अमेरिकेतील नासा या संस्थेने विमानांच्या टायरांवर प्रयोग करून १९६३ साली या घटनेविषयी एक सूत्र प्रसिद्ध केले. पाण्याचा थर खाचांच्या खोलीहून जाड असेल, तर चाक कोणत्या वेगाला तरंगू लागेल हे मुख्यतः टायरमधील हवेच्या दाबावर ठरते, असे त्यातून दिसून आले. त्या सूत्रानुसार ३२ पौंड हवा असताना हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर, तर २४ पौंड हवा असताना ताशी सुमारे ८२ किलोमीटर येतो. नक्षी झिजलेली असेल तर रस्त्यावरचा पाण्याचा पातळ थरही धोकादायक ठरतो. त्यात हवाही कमी असेल तर धोक्याचा वेग आणखी खाली येतो.

चाक पूर्णपणे तरंगले नाही तरी पकड घटतेच. कोरड्या रस्त्यावर घर्षणाचा गुणांक ०.७ धरला तर ताशी ८० किलोमीटर वेगाचे वाहन ब्रेक लागल्यापासून सुमारे ३६ मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर झिजलेल्या टायरमुळे हा गुणांक निम्मा झाला, तर तेच अंतर ७२ मीटर होते. चालकास धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंतच्या एका सेकंदात वाहन आणखी २२ मीटर पुढे गेलेले असते, ते निराळेच. शाळेसमोरील रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या दृष्टीने या ३६ मीटरांच्या फरकाचा अर्थ काय होतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

इगतपुरी व त्र्यंबकेश्वर हे तालुके अतिवृष्टीचे, तर सिन्नर व येवला हे तालुके अल्पवृष्टीचे आहेत. कोरड्या भागात वर्षभर झिजलेल्या टायरने ‘काम भागते’. तेच वाहन जुलै महिन्यात घाटात उतरले की त्याचा खरा कस लागतो. जूनमधील पहिल्या सरींत तर रस्त्यावरील धूळ व तेल पाण्यात मिसळून रस्ता अधिकच निसरडा होतो. सिंहस्थाच्या पर्वण्या श्रावण-भाद्रपदात, म्हणजे ऐन पावसाळ्यात येतात, ही गोष्टही २०२७ च्या सिंहस्थाच्या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे.

उष्णता आणि टायर फुटणे

पावसाळ्यात झिजलेला टायर घसरतो, तर उन्हाळ्यात तो फुटण्याचा संभव वाढतो. चाक फिरताना टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात दबते व पुन्हा सरळ होते. या क्रियेत उष्णता निर्माण होते. हवा कमी असेल किंवा भार अधिक असेल तर भिंत जास्त दबते व उष्णता वाढत जाते. परिणामी आतील थरांची चिकटण विरळ होऊन ते एकमेकांपासून सुटू लागतात. पूर्वीच्या रस्त्यांवर वळणे, गावे व फाटके यांमुळे वाहन अधूनमधून थांबत असे व टायरला निवण्यास अवसर मिळत असे. समृद्धी महामार्गावर सपाट भागात हलक्या वाहनांस ताशी १२० किलोमीटर वेगाची मर्यादा आहे व तासन् तास न थांबता जाता येते. पूर्वी जो दोष दडून राहत असे, तो येथे उघड होतो.

हवा कमी ठेवणे जसे घातक, तसेच ती वाजवीपेक्षा जास्त भरणेही अयोग्य होय. हवा जास्त असेल तर टायर मधोमध झिजतो, कमी असेल तर दोन्ही कडांना झिजतो; एकाच कडेला झीज दिसली तर चाकांची जुळणी बिघडली आहे असे समजावे. हवेचा दाब सकाळी, टायर थंड असताना मोजावा. प्रवासात तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो, म्हणून त्यातील हवा काढून टाकणे ही चूक होय. नायट्रोजन भरल्याने टायर फुटत नाही, असाही एक समज आहे. आपल्या नेहमीच्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महत्त्व आहे ते योग्य दाबाला व तो नियमित मोजण्याला.

प्रत्येक अपघाताचे खापर टायरवर फोडणेही बरोबर नाही. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर खाजगी प्रवासी बसला भीषण अपघात होऊन २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. टायर फुटल्याने अपघात झाला, असे प्रारंभी सांगण्यात आले. परंतु परिवहन विभागाच्या तपासणीत तसा पुरावा आढळला नाही. टायर खरोखर फुटला असेल तर रस्त्यावर रबराचे तुकडे व चाकाच्या खुणा सापडतात. तेव्हा खरे कारण शोधणे आणि टायरची निगा राखणे ही दोन्ही कामे सारख्याच काटेकोरपणे झाली पाहिजेत.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरच्या स्थितीसंबंधी आहे. दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या टायरवरील खाचांची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा आणि इतर मोटार वाहनांच्या बाबतीत १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये, अशी मर्यादा त्यात घालून दिली आहे. झिजेमुळे किंवा कापल्यामुळे आतील धागे उघडे पडलेला, तसेच कोठे फुगवटा आलेला टायर सुस्थितीतील मानला जात नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० अन्वये असुरक्षित स्थितीतील वाहन चालविणे हा अपराध आहे. ही किमान मर्यादा आहे, हे मात्र विसरता कामा नये. पावसाळ्यात घाटातून नित्य जाणाऱ्या वाहनाने त्या मर्यादेला टेकेपर्यंत वाट पाहणे शहाणपणाचे नाही.

नव्या परिवहन वाहनास योग्यता प्रमाणपत्र प्रथम दोन वर्षांसाठी मिळते. त्यानंतर आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. वाहनांची यंत्रांच्या साहाय्याने तपासणी करणारे केंद्र नाशिक येथेही उभारण्यात आले आहे. तथापि, दररोज ३०० किलोमीटर धावणारी मालमोटार वर्षाकाठी एक लाख किलोमीटरांच्या आसपास जाते. तपासणीच्या दिवशी चांगला असलेला टायर पुढील तपासणीपूर्वीच गुळगुळीत होऊ शकतो. प्रमाणपत्र त्या दिवसापुरते सत्य सांगते. उरलेल्या दिवसांची जबाबदारी मालक व चालक यांचीच राहते. याच जाणिवेने परिवहन विभागाने २०२३ साली समृद्धी महामार्गावर येणाऱ्या वाहनांच्या टायरांची तपासणी हाती घेतली व झिजलेले टायर असलेल्या वाहनांना मज्जाव केला.

या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाचा २०२३ मधील एक निर्णय मननीय आहे. २०१० साली पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या एका मोटारीचा टायर फुटून अपघात झाला व एका तरुण गृहस्थाचा मृत्यू झाला. टायर फुटणे ही दैवी आपत्ती आहे, सबब भरपाई देय नाही, असा पवित्रा विमा कंपनीने घेतला होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. अतिवेग, कमी-अधिक हवा, जुना टायर, तापमान अशी अनेक कारणे टायर फुटण्यामागे असू शकतात व प्रवासापूर्वी टायर पाहणे हे मालकाचे किंवा चालकाचे काम आहे. म्हणून ही दैवी आपत्ती नसून मानवी निष्काळजीपणा होय, असा त्या निर्णयाचा आशय आहे. ‘टायर फुटला, त्याला कोण काय करणार?’ या नेहमीच्या उद्गाराला कायद्याने दिलेले हे उत्तर आहे.

खर्चाचा प्रश्न

टायर महाग असतो आणि लहान वाहनधारकाची मिळकत बेताची असते, ही वस्तुस्थिती नाकारता येणार नाही. परंतु टायरचे आयुष्य वाढविण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. योग्य दाब, मर्यादित भार, चाकांची जुळणी आणि ठरावीक अंतरानंतर टायरांची अदलाबदल एवढ्याने झीज बरीच लांबविता येते. मालमोटारींच्या बाबतीत मूळ सांगाडा निर्दोष असेल तर नवा थर चढवून टायर पुन्हा वापरता येतो. राज्य परिवहन महामंडळाची स्वतःची टायर पुनःस्तरण संयंत्रे आहेत. मात्र हे काम वेळीच झाले पाहिजे. तारा दिसेपर्यंत ओढलेल्या टायरचा सांगाडा पुनःस्तरणास निरुपयोगी ठरतो आणि बचतीच्या नादात नुकसानच पदरी पडते. पुनःस्तरण केलेले टायर मागील जोडचाकांवर घालावे. पुढील चाकांवर चांगल्यात चांगले टायर ठेवावे, कारण पुढचा टायर फुटला तर मालमोटारीचे सुकाणू हाती राहत नाही. बाजाराच्या दिवसांत कांद्याने शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलींना पुष्कळदा मालमोटारींचे टाकाऊ टायर घातलेले असतात. वेग कमी असला तरी भार अधिक असतो आणि अशी ट्रॉली भर रस्त्यात बसली की मागून येणाऱ्या वाहनांना धोका संभवतो.

तपासणी कशी करावी?

टायर तपासण्यास महागडे उपकरण लागत नाही. टायरच्या बाजूवर लहान त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे असतात. त्यांच्या रेषेत पाहिल्यास खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे दिसतात. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायरची मुदत संपली असे समजावे. खाचेत काडीपेटीतील काडी उभी धरून, नखाने खूण करून ती कंपासपेटीतील पट्टीवर मोजली तरी खोली कळते. मोजणी मध्यभागी व दोन्ही कडांना, अशी तीन ठिकाणी करावी. टायरवर कोरलेल्या चार अंकांवरून त्याचे वय समजते : ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालातील तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. नक्षी शाबूत असूनही बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतील, तर रबर जीर्ण झाले आहे असे मानावे. सुटे म्हणजे स्टेपनीचे चाक पाहण्यास विसरू नये.

ग्रामपंचायती व शाळांचे कार्य

प्रत्येक वाहनामागे निरीक्षक उभा करणे शक्य नाही. गावपातळीवर मात्र बरेच काही करता येईल. विद्यार्थ्यांची ने-आण करणाऱ्या वाहनांच्या टायरांची नोंद शाळा व्यवस्थापन समितीने जूनमध्ये शाळा उघडताना व त्यानंतर दर महिन्यास घ्यावी. विज्ञान शिक्षकांना घर्षण, दाब व क्षेत्रफळ हे पाठ शिकविताना शाळेच्या आवारातील वाहनाचे चाक हेच उत्तम साधन ठरेल. विद्यार्थी काडीने खोली मोजतील, पोस्टकार्डाएवढ्या आधाराचे गणित करतील आणि घरच्या दुचाकीचा टायरही आपण होऊन पाहतील. ग्रामपंचायतींनी यात्रेपूर्वी व पावसाळ्यापूर्वी गावातील मालवाहू पिकअप, जीप व ट्रॅक्टरधारकांची बैठक घेऊन अशी तपासणी घडवून आणावी. गावातील पंक्चर काढणाऱ्या कारागिराचे साहाय्य या कामी मोलाचे ठरेल, कारण कोणाचे टायर कोणत्या स्थितीत आहेत हे त्याच्याइतके कोणासच ठाऊक नसते. बाजार समित्यांच्या आवारात हवा भरण्याची व दाब मोजण्याची सोय असेल, तर शेतमाल घेऊन येणाऱ्या वाहनांची तपासणी सहज होऊ शकेल.

रुंद रस्ते, बोगदे व पूल बांधण्यास शासनाला मोठा खर्च करावा लागतो आणि अनेक वर्षांचे परिश्रम घ्यावे लागतात. त्या रस्त्यांवरील प्रवास सुखरूप होणे मात्र पुष्कळ अंशी काडीने मोजता येणाऱ्या दीड-दोन मिलिमीटर रबरावर अवलंबून आहे. ती मोजण्याची सवय घरोघरी, शाळाशाळांतून आणि गावोगावी लागली, तर पावसाळ्यात कसाऱ्याचा घाट उतरणारी अनेक वाहने व त्यांतील माणसे सुखरूप घरी पोहोचतील.